खळ्यातली जुनी बकुळ वरून सुकत चाललीय, ठेवायची की काढून नवीन लावायची?

वेंगुर्लेकरीण

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते कारण निर्णय मे महिन्याच्या आत घ्यायचाय आणि घरात दोन तट पडलेत.

आमच्या घरासमोर खळ्याच्या (म्हणजे अंगणाच्या) कोपऱ्यात बकुळीचं झाड आहे, आम्ही ओवळच म्हणतो. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही ते मोठं होतं म्हणजे ऐंशी वर्षं तरी धरा, जास्तच असेल. बुंध्याचा घेर आठ फुटांच्या आसपास भरतो. घराच्या पडवीपासून साधारण पंधरा फुटांवर आहे आणि किंचित कललंय ते घराच्या उलट्या बाजूला, गडग्याकडे (दगडी कुंपणाकडे). गडग्यापलीकडून पाणंद जाते, शाळेची मुलं तिथूनच येतात-जातात, आणि आमची लाईटची सर्व्हिस वायर पण त्याच बाजूने आलीय.

दोन-तीन वर्षांपासून शेंड्याकडून सुकायला लागलीय. आधी एक टोक, मग दुसरं, आता वरचा पाव भाग तरी नुसत्या काड्या आहेत. खाली पानं आहेत पण लहान आणि पिवळट, पूर्वीचा तो काळपट हिरवा चकचकीत रंग नाही राहिला. बांडगूळ आहे बऱ्यापैकी. जिथे दोन मुख्य फांद्या फुटतात तिथे ढोली आहे, पावसात पाणी साचतं. बुंध्यावर वाळवीची माती चढलीय. फुलं यंदा अगदी कमी, पूर्वी या दिवसांत सकाळी खळ्यात पाय ठेवायला जागा नसायची, सासूबाई सुपात गोळा करायच्या आणि केळीच्या सोपटात वळेसार (गजरे) ओवायच्या. आता ओंजळभर मिळतात.

तौक्ते वादळात (मे २०२१) एक जाड फांदी मोडून माटवाच्या (मांडवाच्या) पत्र्यावर आली, कोणाला लागलं नाही. तेव्हापासून मोठे दीर म्हणतात काढून टाकूया, उद्या घरावर आली तर. ते मुंबईला असतात, मेमध्ये येतील तेव्हा कटरवाला बोलवायचं म्हणतायत. त्यांची भीती खोटी नाही हे मला पटतं. पण सासूबाईंचा जीव त्या झाडात आहे आणि खरं सांगायचं तर माझाही. मला फक्त एवढं समजून घ्यायचंय की झाड खरंच संपत आलंय की आजारी आहे, आणि हे घरच्या घरी कसं ओळखायचं? गावात ज्याला विचारावं तो एक तर तोडा म्हणतो नाहीतर देवावर सोडा म्हणतो.

गडगेवाला

ताई, चांगलं लिहिलंय, अर्धी माहिती मिळाली. उरलेली अर्धी विचारतो, मग बोलू, कारण पानं बघून झाड ठेवायचं की काढायचं ते ठरत नाही, मुळं आणि बुंधा बघून ठरतं.

मागच्या चार-पाच वर्षांत झाडाच्या आसपास काही काम झालंय का? भराव, कोबा, पेव्हर, सेप्टिक टँक, बोअरची गाडी, पाइपचा चर, काहीही. बकुळ ही चिवट जात आहे, लाकूड घट्ट आणि जड, ऐंशी वर्षं हे तिच्या दृष्टीने म्हातारपण नव्हे. ती उगाच वरून सुकत नाही.

दुसरं, बुंधा जमिनीत कसा शिरतो ते बघा. जमिनीजवळ तो रुंद होत मुळांमध्ये पसरलेला दिसायला हवा. विजेच्या खांबासारखा सरळ आत घुसलेला दिसत असेल तर वर माती चढलीय असं समजा.

तिसरं, बुंध्याभोवती फिरून लाकडी हातोड्याने किंवा नारळ सोलायच्या दांडक्याने ठोकत जा, आवाज कुठे बदलतो तिथे खडूने खूण करा. ढोलीत छत्रीची तार घालून बघा किती आत जाते, आणि मऊ भुसा लागतो की कडक लाकूड लागतं. आणि सुकलेल्या वाटतात त्या फांद्यांची साल नखाने खरवडून बघा, आत हिरवं-ओलं असेल तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर गेली.

शेवटचं आणि महत्त्वाचं, बुंध्याच्या तळाशी किंवा मुळांवर भाकरीसारखी कडक तपकिरी बुरशी आलेली दिसते का, विशेषतः पावसाळ्यानंतर आली होती का, हे सासूबाईंना विचारा.

आबा_मठ

बाये, ओवळ तोडूची घाय करू नको. आमच्या खळ्यात पण ओवळ आसा, आजयेच्या टायमाची, तिचा पण हेच झालेला. वरसून सुकत इली, लोक म्हणाक लागले मेली मेली. बांडगूळ इतक्या वाढलेला की लांबसून झाड हिरवागार दिसा पण ती पाना ओवळीची नायच, सगळी बांडगुळाची. पाडेल्याक (झाडार चढणाऱ्या गड्याक) चढवन सगळा काडून घेतला आणि झाडाच्या मुळात दर आठवड्याक पाणी सोडला. दुसऱ्या पावसाक ओवळीन परत पालवी काडल्यान.

बांडगूळ काडताना नुसती पाना ओरबाडून उपयोग नाय, ता परत फुटता. जी फांदी धरल्यान आसा ती गाठीच्या खाली हातभर कापूची. जाड फांदयेर नायतर खोडार आसलो तर कापूक जमणा नाय, थंय मगे फुटवो इलो की काडूचो, परत इलो की परत काडूचो. आणि ह्या सगळा तेका फळा धरूच्या आदी करूचा, कारण फळ पिकला की बारके पक्षी खातत, बी चिकट आसता, ती ते दुसऱ्या फांदयेर पुसतत आणि थंय नवीन रुजता. शेजाऱ्याच्या आंब्यार बांडगूळ आसात तर तेकाय सांग, नायतर तुझा काडलेला फुकट जातला.

हर्णैकर

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या आळीत एक गुलमोहर होता, उन्हाळ्यात लालभडक, सगळा गाव त्याच्याखाली बसायचा, आणि त्याचा बुंधा पोकळ आहे हे सगळ्यांना माहीत होतं. दरवर्षी कोणीतरी म्हणायचं काढूया आणि दरवर्षी कोणीतरी म्हणायचं राहू दे. वादळात तो मुळासकट उपटून एका घराच्या पडवीवर आला. घरातली माणसं मागच्या खोलीत होती म्हणून वाचली. त्या दिवशी आमच्या तालुक्यात माड पोफळी आंबे किती पडले त्याला गणती नाही, धडधाकट झाडं पडली तिथे आजारी झाडाचं काय घेऊन बसायचं.

तुमच्या झाडाखालून शाळेची मुलं जातात हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. झाड कितीही जुनं आणि आवडतं असलं तरी ते पडलं तर कोणावर पडेल हा पहिला प्रश्न आहे. तुमचे दीर मला चुकीचे वाटत नाहीत.

गडगेवाला

हर्णैकर, पहिला प्रश्न तोच हे शंभर टक्के मान्य. पण गुलमोहराचा हिशोब बकुळीला लावू नका. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, भराभर वाढतो, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ पसरणारी, आणि आयुष्य तसं कमी, आपल्याकडे चाळीस-पन्नास वर्षांचा गुलमोहर म्हणजे बहुतेक वेळा आतून पोखरलेलाच असतो. म्हातारा गुलमोहर घराजवळ पोकळ झाला असेल तर मी पण काढाच म्हणेन, त्यात वाचवण्यासारखं फार उरत नाही. बकुळ हळू वाढते, म्हणूनच लाकूड दाट असतं, आणि समुद्राकडचा वारा ती पिढ्यानपिढ्या खात आलीय. त्यामुळे तौक्तेत एवढ्या वाऱ्यात एकच फांदी गेली आणि झाड उभं राहिलं, हे झाडाच्या बाजूने जातं, विरुद्ध नाही.

ताईंच्या उत्तराची वाट बघू.

वेंगुर्लेकरीण

सगळ्यांचे खूप आभार, आबांचं तर सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना फार बरं वाटलं.

काल-परवात सगळं तपासलं. गडगेवाले दादा, तुमच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर हो आहे. २०२१ च्या दिवाळीत खळ्याला पेव्हर घातले, तौक्तेनंतर माटव दुरुस्त केला तेव्हाच. ठेकेदाराने आधी चिऱ्याचा चुरा आणि खडी टाकून नऊ इंच भराव केला, मशीनने ठोकून बसवला, वर पेव्हर. झाडाभोवती जेमतेम हातभर गोल मोकळा सोडलाय आणि त्यात पण मातीच भरलीय. पूर्वी शेणाने सारवलेलं खळं होतं, झाडाभोवती चिऱ्याचा सुटा पार होता, तो काढून टाकला.

बुंधा अगदी तुम्ही म्हणता तसा सरळ आत जातो. खुरपीने एका बाजूला हळूहळू उकरलं तर साधारण वीतभर खाली तो पसरायला लागतो. तिथली साल काळी पडलीय, बोटाने दाबली तर ओलसर आणि मऊ लागते, पण एकाच बाजूला, पश्चिमेला. पूर्वेकडे चांगली आहे. उकरताना वरच्या भरावात बारीक केसासारखी नवीन मुळं पण दिसली, ती झाडाचीच असावीत.

ठोकून बघितलं, पश्चिमेला जमिनीपासून गुडघ्यापर्यंत आवाज पोकळ येतो, बाकी सगळीकडे ठक ठक घट्ट. वरच्या ढोलीत नवऱ्याने शिडी लावून तार घातली, फूटभर गेली, मऊ भुसा लागला, पण कडेने कडक आहे. वाळवी वरच्या सुक्या सालीतच दिसते, माती झाडली तर खालची साल ओली होती. भाकरीसारखी बुरशी सासूबाईंना आठवत नाही, आम्हालाही दिसली नाही.

शेंड्याच्या फांद्या खरवडल्या (जेवढ्या हाताला लागल्या), त्या मेल्यात. पण एक गोष्ट सांगायची राहिली होती, खालच्या जाड फांद्यांवर मध्येच बारीक कोवळे फुटवे आलेत, लालसर पानांचे. नवरा म्हणाला हे झाडाला शोभत नाही, कापून टाकू का?

गडगेवाला

फुटव्यांना अजिबात हात लावू नका!! तीच सगळ्यात चांगली बातमी आहे.

आता काय झालं असावं ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. झाडाची पाणी-अन्न ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांना पाणी लागतं तेवढीच हवाही लागते. शेणाने सारवलेल्या खळ्यात ती मिळत होती. नऊ इंच भराव टाकून मशीनने ठोकला म्हणजे मुळांचा श्वास बंद झाला, आणि पेव्हरमुळे पाऊस सरळ वाहून गेला. आपल्याकडे चार महिने धो धो आणि मग आठ महिने थेंब नाही, जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, त्या आठ महिन्यांसाठी पावसाचं जे खाली मुरायला हवं तेच मुरलं नाही. मोठं झाड लगेच मरत नाही, साठवलेल्यावर दोन-तीन वर्षं काढतं. मग मुळं जेवढी उरली तेवढाच पसारा पोसायचा म्हणून सगळ्यात लांबचं टोक, म्हणजे शेंडा, सोडून देतं. तारखा बरोबर जुळतात बघा. वाळवी आणि बांडगूळ नंतर आले, झाड अशक्त झाल्यावर. वाळवी मेलेल्या सालीत असेल तर माती झाडून टाका, औषध ओतत बसू नका.

ते फुटवे म्हणजे झाड शेंडा मागे घेऊन खाली नवीन घेर धरायचा प्रयत्न करतंय. त्याला मदत करायची.

आता धोक्याचं. पोकळ म्हणजे लगेच पडणारं असं नसतं, बाहेरचं धडधाकट लाकूड किती जाड आहे त्यावर आहे. ढोबळ हिशोब असा धरतात की त्रिज्येच्या एक तृतीयांश तरी घट्ट लाकूड सगळीकडून हवं. तुमचा घेर आठ फूट म्हणजे व्यास अडीच फूट, त्रिज्या पंधरा इंच, तर पाच इंच चांगलं लाकूड हवं. पश्चिमेला जिथे आवाज पोकळ येतो तिथे खरी मेख आहे. तिथे बारीक ड्रिल घालून बघता येतं, सुताराला बोलवा, पातळ लांब बिट, आणि भुसा कोणत्या खोलीवर रंग बदलतो ते बघायचं. ते पण एक-दोन ठिकाणीच, चाळण करायची नाही, कारण झाडाने आत सडीला अडवून धरलेली भिंत आपण फोडतो. अलेक्स शायगो म्हणून एक अमेरिकन झाडशास्त्रज्ञ होऊन गेले, हजारो खोडं उभी चिरून त्यांनी हेच दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, झाड ती जागा आतून बंद करून टाकतं आणि बाहेरून नवीन लाकूड घालतं. म्हणून ढोली कोरून साफ करणं, त्यात सिमेंट भरणं, पाणी जायला खालून भोक पाडणं, हे तिन्ही नको. पूर्वी सगळीकडे सिमेंट भरायचे, झाड वाऱ्यात हलतं आणि सिमेंट हलत नाही, मधल्या फटीत ओल राहून सड वाढते.

ड्रिलमध्ये पाच इंचाच्या खाली गेलं, किंवा पोकळी बुंध्याच्या तिसऱ्या भागाहून जास्त पसरलेली निघाली, किंवा पुढच्या पावसानंतर तळाशी ती भाकरीसारखी बुरशी आली, किंवा कल वाढतोय आणि उलट्या बाजूची जमीन उचलून भेगा पडतायत असं दिसलं, तर मी स्वतः सांगेन की काढा, आणि वेळ न घालवता काढा. ती बुरशी बुंध्यात आणि मुळात शिरली की उपाय नाही. यातलं काही नसेल तर मी झाड ठेवेन.

ठेवायचं तर आधी पेव्हर. झाडापासून निदान दहा-बारा फुटांपर्यंतचे काढा, जमलं तर त्याहून लांब. भराव कुदळीने नको, खुरपीने आणि हाताने, आणि एका दमात सगळा नको कारण त्यात आता नवीन मुळं आलीत. बुंध्याजवळचा दोन-तीन फूट आधी मोकळा करा म्हणजे ती ओली साल कोरडी होईल, बाकीचा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून थोडा थोडा. पावसाच्या ऐन तोंडावर खड्डा करून ठेवलात तर बुंधा पाण्यात उभा राहील, म्हणून पाणी निघायला एका बाजूने वाट काढून ठेवा. मोकळ्या जागेवर पालापाचोळा चार बोटं पसरायचा, फक्त बुंध्याला टेकवायचा नाही. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, फांद्यांच्या घेराखाली, बुंध्यात नाही. युरिया नको, आणि माडाला घालतात म्हणून कोणी मीठ घाला सांगेल, तेही नको.

हर्णैकर

हे पटलं. अटी घालून ठेवताय, नुसतं राहू दे म्हणत नाही, मग माझा विरोध नाही. पाणंदीकडच्या फांद्यांचं मात्र या पावसाच्या आधीच काहीतरी करा.

बागायतदार_राजापूर

पाणंदीकडच्या फांद्यांबद्दल, कारण हे काम चुकलं तर वरचं सगळं वाया.

कटरवाला आला की तो सरळ मुंडण करतो, वरून सगळं सपाट. तसं करू देऊ नका. झाडाची पानं म्हणजे त्याची चूल, अशक्त झाडाची पानं एकदम काढली तर ते उपाशी मरतं. मेलेलं सगळं काढा, ते कधीही काढलं तरी चालतं. जिवंतातलं फक्त पाणंदीकडे जास्त लांबलेलं, ते पण टोकाकडून मागे, जिथे एखादी चांगली उपफांदी फुटलीय तिथपर्यंत. धडधाकट झाडाचं पाव कापलं तर चालतं, तुमच्या झाडाचं मी दहावा हिस्सा पण कापणार नाही, उरलेलं पुढच्या वर्षी झाडाची तब्येत बघून. टोकाचं वजन कमी झालं की वाऱ्याची पकड बरीच कमी होते.

कापायची पद्धत, पाडेल्याला समोर उभं राहून सांगा. आधी फांदीच्या खालून थोडं कापायचं, मग त्याच्या थोडं पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. मग उरलेला ठोंब कापायचा. फांदी खोडाला मिळते तिथे एक सुरकुतलेला फुगीर कडा असतो, तो कडा खोडालाच ठेवायचा, त्याच्या लगेच बाहेरून कापायचं. खोडाला घासून सपाट कापलं की तो कडा जातो आणि झाडाला जखम बंद करता येत नाही. जाड फांदी दोर लावूनच उतरवा, तुमची सर्व्हिस वायर आहे, लाइन बंद करून घेतल्याशिवाय कोणाला वर चढवू नका.

कापलेल्या जागी आम्ही आंब्याला बोर्डो पेस्ट लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, वेगवेगळं भिजवून मग एकत्र. आपल्या पावसाळी हवेत मला तरी ती लावलेली बरी वाटते. डांबर आणि ऑइल पेंट मात्र लावू नका.

गडगेवाला

पेस्टबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, नीट कापलेल्या जागेला काहीच लावायची गरज नसते आणि कुठल्याही लेपाने आतली सड थांबत नाही. पण बोर्डोने नुकसान पण नाही, लावायची तर लावा. बाकी प्रत्येक शब्दाला सहमत, तो फुगीर कडा सगळ्यात महत्त्वाचा.

रत्नागिरी_वकील

परवानगीचं कोणी बोललं नाही म्हणून. ग्रामीण भागात खाजगी जमिनीवरच्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो, त्याच्या यादीत आंबा, फणस, साग, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ, हिरडा वगैरे ठरावीक झाडं आहेत, बकुळ त्यात नाही. तरी तोडायची वेळ आली तर आधी वनविभागाच्या स्थानिक ऑफिसात आणि ग्रामपंचायतीत लेखी विचारा, कारण लाकूड गाडीत भरून हलवायचं झालं की वेगळे प्रश्न येतात. नगरपरिषद हद्दीत असाल तर १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, तिथे कुठलंही झाड असो, परवानगी लागतेच, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात. हद्द कोणती ते आधी पक्कं करा.

माळीण_देवरुख

ताई, झाड ठेवलंत तरी नवीन लावाच, आणि याच पावसात लावा. जुनी वाचली तर दोन होतील, नाही वाचली तर दहा वर्षं आधी सुरुवात झालेली असेल. बकुळ फार हळू वाढते, बियांपासून लावली तर फुलं बघायला बरीच वर्षं थांबावं लागतं.

रोप विकत आणायची गरज नाही. झाडाखाली गडग्याच्या सांदीत बघा, स्वतःहून रुजलेली रोपं नक्की सापडतील, पिकलेली नारिंगी फळं पोरं आणि पाखरं खातात आणि बिया टाकतात. म्हणजे त्याच झाडाची लेक. मूळ लांब जायच्या आत, पहिला पाऊस झाला की मातीच्या गड्ड्यासकट उचलून पिशवीत लावा आणि सावलीत ठेवा. काहीच सापडलं नाही तर यंदाच्या फळातल्या ताज्या बिया धुऊन लगेच पेरा, साठवून ठेवू नका.

जुन्याच्या खड्ड्यात किंवा अगदी शेजारी लावायचं नाही, तिथे जुन्या मुळांशी झटावं लागेल आणि सड असेल तर ती पण लागेल. घरापासून वीसेक फूट तरी, वायरीच्या खाली नको, पाणंदीकडे नको. बकुळच हवी असं नसेल तर सुरंगी लावा, तुमच्याच भागातलं झाड, वेंगुर्ल्याच्या सुरंगीच्या वळेसारांबद्दल मी काय सांगायचं. समुद्र अगदी जवळ असेल आणि खारा वारा थेट येत असेल तर उंडी, पण तिला जागा भरपूर लागते. सोनचाफ्याचं कलम लवकर फुलतं, सासूबाईंना एक-दोन वर्षांत फुलं बघायची असतील तर ते एक बाजूला लावून द्या. फक्त घराजवळ गुलमोहर आणि रेनट्री कोणी फुकट दिला तरी नको.

आबा_मठ

गडग्याच्या सांदीत बग गो, आमच्या हंय तर दर पावसाक रुजतत. दोन माझ्याकडे पिशयेत आसत, व्हये तर येवन घेवन जा.

वेंगुर्लेकरीण

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू कळत नाही, एवढं मनापासून कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

अपडेट देते. सुताराकडून पश्चिमेला दोन ठिकाणी ड्रिल करून बघितलं, एका ठिकाणी सहा इंचापर्यंत पांढरा कोरडा भुसा आला मग तपकिरी, दुसऱ्या ठिकाणी साडेपाच. बाकी बाजूला करायची गरज नाही म्हणाला, आवाज घट्ट आहे. पोकळी खडूच्या खुणांप्रमाणे घेराच्या चौथ्या भागापेक्षा कमी भरते. म्हणजे काठावर आहे पण अटीत बसते.

दिरांना हा सगळा धागा पाठवला. त्यांचा फोन आला, त्यांनी सगळं वाचलं होतं, विशेषतः हर्णैकरांचं आणि गडगेवाल्या दादांच्या चार अटी. म्हणाले ठीक आहे, या पावसापुरती ठेवू, पण पाणंदीकडच्या फांद्या मी यायच्या आत झाल्या पाहिजेत आणि दर दिवाळीला बुंधा ठोकून बघायचा, बुरशी दिसली तर मग कोणी वाद घालायचा नाही. मी हो म्हटलं, सासूबाई पण हो म्हणाल्या.

पाडेली सोमवारी येतोय, लाइन बंद करून मिळतेय. मी खाली उभी राहणार आहे, फुगीर कडा दाखवायला. गवंडी बुधवारी. आबा, रोपं न्यायला पुढच्या रविवारी येतो आम्ही, आमच्या सांदीत एकच सापडलंय आणि ते पण दगडात अडकलंय. वकीलसाहेब, आम्ही ग्रामपंचायत हद्दीतच आहोत, बघून घेतलं.

एकच विचारायचंय, पेव्हर काढल्यावर झाडाच्या घेरात चालायला काय करायचं? सासूबाईंना काठी घेऊन चालावं लागतं, पालापाचोळ्यावर पाय घसरेल.

गडगेवाला

सहा इंच म्हणजे उत्तम बातमी.

चालायच्या वाटेपुरते सुटे चिरे टाका, खाली भराव न करता, नुसते जमिनीवर टेकवून, दोन चिऱ्यांमध्ये चार बोटं फट ठेवून. खालून हवा-पाणी जातं आणि पाय पण पक्का बसतो. शेवाळ धरतं म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा खराट्याने घासायला लागेल. वाट बुंध्याला चिकटून नेऊ नका, पाच-सहा फूट लांबून वळवा. आणि जुन्या पाराचे चिरे अजून कुठे परसात पडलेले असतील तर तेच वापरा, नवीन आणायची गरज नाही.

वेंगुर्लेकरीण

आहेत, गोठ्याच्या मागे रचून ठेवलेत. गवंड्याला तेच सांगते. निघालेले पेव्हर कोणाला हवे असतील तर कळवा, फक्त गाडी तुमची आणावी लागेल.